प्रकरण चौदावे : मंगळवारची नीळ

शनिवारी सकाळी पावणेनऊ वाजता सुमेधाबाई जांभळ्या काठांची इरकल नेसून, ठसठशीत टिकली लावून सोफ्यावर तयार बसल्या होत्या. पायाशी दोन पिशव्या. एकीत बावीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बाटली. दुसरीत शाल, गुडघ्याचं मलम, बीपीच्या गोळ्या आणि टूथब्रश.

मयूरा गाडीची किल्ली शोधत बाहेर आली आणि पिशव्यांपाशी थबकली.

"आई, बावीस दशम्या?"

"रस्ता लांबचा आहे."

"पाऊण तासाचा आहे हो."

"असू दे," सुमेधाबाई म्हणाल्या. सून पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रक्ताच्या थेंबावरून माणसाचं सगळं सांगते, पण खोटं बोलताना पापणीही हलत नाही हिची, असं त्यांच्या मनात आलं. सून बिचारी खरं बोलत होती.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. सारंग वरच्या खोलीत वर्क फ्रॉम होम करत होता आणि सवयीप्रमाणे फोन कानाला लावून जिन्यात येरझारा घालत होता. खाली सुमेधाबाई मेथी निवडत होत्या. "तिला व्हिक्टोरियाच बरं पडेल गं," तो म्हणत होता. "तुझ्याकडे जिना नाही, काही नाही. मयूराचे बाबा पुढच्या महिन्यात येतायत, वॉकर घेऊन. आईची खालची खोली त्यांना लागणारच." पलीकडे त्याची बहीण कौमुदी होती, क्लेटनहून. शिकायला म्हणून व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नला गेलेली पोरगी आता तिथलीच झाली होती.

मेथी निवडून झाली. सुमेधाबाईंनी वाट पाहिली. आज सांगेल, उद्या सांगेल. मुलगा रोज येऊन विचारायचा, "आई, चहा घेणार?" आणि चहा करून निघून जायचा. सांगितलं कुणीच नाही. गुरुवारी मात्र अकरा वर्षांची ईशानी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आजी, सॅटर्डेला आपण सगळे व्हिक्टोरियन हाउस बघायला जातोय. आत्यापण येतेय मेलबर्नहून!"

बरोबर. मुलीनं घर शोधलं, मुलगा गाडी काढणार, आणि निरोप नातीच्या हाती. यजमान, मुरलीधरपंत, असते तर म्हणाले असते, सुमे, न बघता नाही म्हटलंस तर हट्टी ठरशील. बघून नाही म्हण, म्हणजे चोखंदळ ठरशील. म्हणून त्यांनी वाक्य तयार ठेवलं होतं, पाठही केलं होतं. 'घर छान आहे. मी येणार नाही.'

गाडीत त्या मागच्या सीटवर, ईशानी आणि कौमुदीच्या मध्ये बसल्या. कौमुदी शुक्रवारच्या विमानानं आली होती आणि आल्यापासून आईचा हात सोडत नव्हती. जुनी शेतं, घोड्यांचे तबेले, नदीवरचा पूल मागे पडला आणि एका टेकडीवरच्या दुमजली दगडी घरासमोर सारंगनं गाडी थांबवली.

"चहाला का?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"नाही, आलं की."

"व्हिक्टोरिया? एवढ्यात?"

क्षणभर कुणालाच कळेना. मग कौमुदी अशी हसली की तिला गाडीबाहेर पडून दाराला धरून उभं राहावं लागलं. "अगं आई! व्हिक्टोरियन म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं! म्युझियम आहे हे. ईशानीची असाइनमेंट आहे, त्या काळी लोक घरात रोज कसे राहायचे त्याची."

"आजी, यू थॉट मेलबर्न?" ईशानीला तर हा वर्षातला सगळ्यात मोठा जोक होता.

सुमेधाबाई सावकाश उतरल्या. पदर सारखा केला. "बरं. मग माझ्यासाठी बघितलेलं घर कुठंय?"

"तुझ्यासाठी?"

"व्हिक्टोरियातलं. जिना नसलेलं. मला बरं पडणारं."

कौमुदीचं हसू जागच्या जागी थांबलं. सारंगनं गाडीचं लॉक उगाच दोनदा दाबलं. गाडी दोनदा टुकटुकली.

"सारंग," मयूरा म्हणाली, "तू आईंशी बोलला होतास ना?"

"म्हणजे, बोलणारच होतो."

"मला तू सांगितलंस की आई हो म्हणाल्या."

"आणि मला सांगितलंस की आईच म्हणतेय, कौमुदीकडे जाते," कौमुदीचा आवाज चढला. "मी पडदे बदलले, दादा! हळदी रंगाचे. आईला आवडतात म्हणून चार दुकानं फिरले मी!"

"दोघींनी जरा ऐकून..."

एवढ्यात घराच्या दारात पांढरी टोपी आणि एप्रन घातलेली सत्तरीची बाई आली आणि तिनं हातातली पितळी घंटा जोरजोरात हलवली. दहाची टूर. मी डॉरीन, आज तुमची हाउसकीपर, सगळ्यांनी पाय पुसून आत या. भांडण तिथंच पार्किंगमध्ये टाकून जाता आलं असतं तर बरं झालं असतं. ते मागोमाग आत आलं.

*

टूरमध्ये बाराजण होते. मयूरा सगळ्यात मागे राहिली. डॉरीन स्वयंपाकघर दाखवत होती, लोखंडी चूल, जाळीचं कपाट, कोळशाच्या इस्त्र्या. मुलं आ वासून बघत होती. सुमेधाबाई मात्र पाहणीला आलेल्या सासूसारख्या फिरत होत्या.

"हे जाळीचं कपाट आमच्याकडे होतं," त्या ईशानीला म्हणाल्या. "मिरजेला, रेल्वे क्वार्टर्समध्ये. दूध ठेवायचं. पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. हिनं वाट्या कुठं ठेवल्यात? मुंग्या चढतील."

"आजी, इट्स अ म्युझियम. दूध नाहीये."

"मुंग्यांना काय माहीत?"

मयूराला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तिचे बाबा, रविंद्र, नाशिकला एकटे पडले होते. खुबा मोडल्यापासून वॉकरशिवाय उभं राहता येत नव्हतं. त्यांना आणायचं हे तिनंच लावून धरलं होतं. आणि सारंग म्हणाला, आई हो म्हणाली. इतक्या पटकन? हा प्रश्न तिला तेव्हाच पडला होता. पण विचारला असता तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर खोली गेली असती. म्हणून तिनं विचारला नव्हता.

ती पुढे सरकून सासूच्या कानाशी वाकली. "आई, देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

"अर्धं माहीत नव्हतं," सुमेधाबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "अर्धं माहीत होतं. तेवढं चालतं. वडील आहेत तुझे."

मयूरा पुन्हा मागे सरकली. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मागच्या अंगणात धुण्याची खोली होती. भिंतीत बसवलेलं मोठं तांब्याचं भांडं, खाली जाळ करायची जागा. "बंब!" सुमेधाबाई जुनी मैत्रीण भेटल्यासारख्या म्हणाल्या. डॉरीन सांगत होती की सोमवारी पहाटे उठून मोलकरणी पाणी तापवायच्या, कपडे उकळायच्या, पिळायच्या, आणि शेवटच्या पाण्यात... तिनं कापडात बांधलेली एक छोटी निळी पुरचुंडी वर धरली. हे काय असेल? बाराजणांपैकी कुणालाच येईना. ही घातली की पांढरे कपडे पिवळे पडत नाहीत, डॉरीन म्हणाली, आणि मग दर शनिवारचा ठरलेला विनोद केला. "आज इथं कुणी ही वापरलेली नसेलच, दीडशे वर्षांचं कुणी असल्याशिवाय!"

सुमेधाबाईंनी हात वर केला.

"यू, लव्ह? वेन?"

"ट्यूजडे."

"लास्ट ट्यूजडे?"

"एव्हरी ट्यूजडे." त्यांनी वळून बोट दाखवलं. "हिज शर्ट."

सगळी माणसं सारंगच्या शर्टाकडे बघू लागली. डॉरीननं परवानगी मागून त्याची कॉलर उजेडात धरली आणि कापडाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकासारखी उलटसुलट केली. "ओ, दॅट्स ब्यूटिफुल," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

सारंगला आपण चव्वेचाळीस वर्षांचे आहोत, पॅरामॅटाच्या ऑफिसात आपल्या हाताखाली नऊ माणसं आहेत, हे स्वतःला आठवण करून द्यावं लागलं. त्याला इतकी वर्षं वाटत होतं की डिटर्जंट चांगला आहे. तो स्वतः आणायचा, महागातला.

टूर पुढे सरकली. पण त्याच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत आलं. इंजिनीअर माणूस, अडलेलं कुठं आहे ते शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"आई, तू हे शर्ट वाळत कुठं घालतेस? मागच्या अंगणात तर ऊनच नसतं."

"वर. बाल्कनीत."

"कुठल्या बाल्कनीत?"

"आपल्याला किती आहेत? तुझ्या ऑफिसच्या खोलीतली. तुझ्या त्या चालायच्या मशीनमुळे दार उघडत नाही नीट. मी थोडं सरकवते, मग परत होतं तिथं ठेवते."

"तू जिना चढतेस?"

"नाही रे, उडत जाते."

"आई!" दोन बायकांनी वळून बघितलं. त्यानं आवाज खाली आणला. "किती दिवस?"

"दोन वर्षं होतील. मंगळवारी तू ऑफिसला असतोस, मयूरा लॅबमध्ये, ही शाळेत. घरात ओरडायला कुणी नसतं."

दोन वर्षं. म्हणजे बाबा गेल्यावर काही महिन्यांतच. त्याच जिन्यावरून, वरून सातव्या पायरीवर मुरलीधरपंतांचा पाय निसटला होता. सारंग मीटिंगमध्ये होता, हेडफोन्स लावून. तरी आवाज आला होता त्याला. पुढे अकरा दिवस वेस्टमीड हॉस्पिटलच्या वॉर्डात, आणि मग घरी आणायला कुणी उरलं नाही. त्यानंतर आईचे दोन्ही गुडघे बदलले आणि सारंगनं तिची खोली खाली हलवली, जिन्याला जणू कुलूपच घातलं. कुलपाची किल्ली आईच्या कमरेला होती हे त्याला आज कळत होतं.

"ट्रेडमिल जागची हललेली असते असं मला वाटायचंच," तो एवढंच म्हणाला.

*

मोलकरणींचा जिना स्वयंपाकघराच्या मागे होता. अरुंद, अंधारा, शिडीला जिना म्हटल्यासारखा. शेजारी पाटी होती की ज्यांना चढायला त्रास होतो त्यांनी कृपया खाली थांबून फोटोंचा अल्बम पाहावा.

"आई, तू इथं बस," सारंगनं खुर्ची ओढली. "अल्बम मस्त आहे."

कौमुदीनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. कौमुदी घटस्फोट घेऊन पुण्याला गेली होती तेव्हा मावश्या कुजबुजत बसल्या होत्या, आणि आईनं सगळ्यांच्या देखत ताटं मांडून विचारलं होतं, कुणाला अजून काही वाढायचंय की फक्त बोलायचंय?

"किती पायऱ्या?" सुमेधाबाईंनी डॉरीनला विचारलं.

"सेव्हन्टीन. टेक युअर टाइम, डार्ल."

"घरी तेरा आहेत," सुमेधाबाई म्हणाल्या आणि साडीचा घोळ एका हातात धरून पहिली पायरी चढल्या.

कौमुदी मागे. दोन्ही हात पुढे, आईच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, न लावता. खाली सारंग "आई, प्लीज" म्हणत होता. सुमेधाबाई आठव्या पायरीवर थांबल्या. दम खाल्ला. बाराव्या पायरीवर थांबल्या. कौमुदीला त्यांच्या गुडघ्याचा आवाज ऐकू येत होता, कट्, कट्. सतराव्या पायरीवर पाऊल पडलं तेव्हा मागे उभ्या लोकांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सुमेधाबाईंनी वळून असं बघितलं की टाळ्या थांबल्या.

उतरत्या छपराखालची खोली. एक लोखंडी पलंग, त्यावर दोन मुली झोपायच्या म्हणे. एक हातभर खिडकी, एक बाक, दारावर स्प्रिंगला टांगलेली एक घंटा, मालकानं खालून दोरी ओढली की वाजणारी. डॉरीन बाकीच्यांना घेऊन पुढच्या खोलीत गेली. या तिघी, सासू, सून, लेक, बाकावर टेकल्या.

"म्हणजे तुला माझ्याकडे यायचंच नाहीये," कौमुदी म्हणाली. तिला हे रागानं म्हणायचं होतं. आवाज भलताच निघाला.

"येणार आहे की. पडदे बघायला येणार, पंधरा दिवस राहणार, तुझ्याशी भांडून परत येणार. पाठवली म्हणून नाही येणार."

"पण मी एकटी असते गं."

"माहीत आहे." सुमेधाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण तुझं एकटेपण तू मला सांगायचं होतंस. जिन्याच्या आड लपून नाही. तुमचं तिघांचं सगळं बरोबर बसत होतं. हिला खोली, तुला सोबत, ह्याला काळजी नको. मला विचारलं असतं तर गणित बिघडलं असतं, म्हणून विचारलं नाही. हो ना?"

कौमुदीनं मान हलवली.

"माझं इथं काय आहे तुम्हाला माहीत तरी आहे? बुधवारी लायब्ररीत चार पोरांना मराठी वाचायला शिकवते. माझी मैत्रीण निहारिका रोज चालायला येते, तिची बातमी मला आणि माझी तिला. कढीपत्त्याचं झाड आत्ता कुठं लागलंय. आणि..." त्या थांबल्या. "जिन्यात सातव्या पायरीवर मी मंगळवारी जरा टेकते. कपड्यांची बादली ठेवते. ह्यांच्याशी दोन शब्द बोलते. क्लेटनला जिना नाही म्हणता. मग मी कुठं बोलू?"

मयूराच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "आई, बाबांना मी नर्सिंग होम..."

"गप्प बस. रविंद्ररावांना खालचीच खोली. त्यात बदल नाही."

"मग तुम्ही?"

सुमेधाबाईंनी उतरत्या छपराकडे, हातभर खिडकीकडे बघितलं. "वर एक खोली आहे की. चांगली दहा बाय बारा. बाल्कनी आहे, ऊन आहे. त्यात दोन कॉम्प्युटर राहतात आणि एक चालायचं मशीन. माणूस कुणी राहत नाही."

मयूरा आणि कौमुदीनं एकमेकींकडे बघितलं. पंधरा दिवस फोनवर फोन झाले होते. तिकिटं बघितली होती, पडदे घेतले होते. या खोलीचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली.

मयूरा ताडकन उठली. सुमेधाबाईही उठल्या. दोघी अर्धवट उभ्या राहून एकमेकींकडे बघू लागल्या. खालून दिवाणखान्यातून ईशानीचा आवाज येत होता, "डॅड, यू आर द मास्टर! जोरात ओढ!"

घंटा पुन्हा वाजली.

"बस," सुमेधाबाई म्हणाल्या.

मयूरा बसली.

तिसऱ्यांदा वाजली, जरा लांब.

"वाजू दे," सुमेधाबाई म्हणाल्या. "दोरी त्याच्या हातात आहे, पाय आपले आहेत."

कौमुदीला हसू फुटलं, मग मयूराला, आणि शेवटी तिघी तोंडाला पदर, ओढणी, बाही जे मिळेल ते लावून हसत होत्या. जिन्यात धाडधाड पावलं वाजली. सारंग वर आला, धापा टाकत, पांढरीशुभ्र कॉलर घामानं ओली.

"तीन वेळा वाजवली! मला वाटलं काहीतरी झालं..."

"झालंय," मयूरा म्हणाली. "आईंना तुझी ऑफिसची खोली हवीये. आणि मलाही तेच हवंय."

"मीपण," कौमुदी म्हणाली. "आणि मी पडदे पाठवून देते. हळदी."

सारंगनं तिघींकडे आळीपाळीनं बघितलं. "आणि मी मीटिंग्ज कुठं घेऊ?"

"लाँड्रीत. वॉशिंग मशीनशेजारी टेबल मावतं, मी मोजलंय."

"कधी मोजलंस?"

"आत्ता. मनातल्या मनात."

तो हसला नाही. पलंगाभोवती म्युझियमनं बांधलेल्या दोरीला हात लावून उभा राहिला. "खोलीचं नाही गं, आई," तो हळू म्हणाला. "मी तो आवाज ऐकलाय. तू तिथं रोज चढणार, उतरणार. मला खाली बसून ते ऐकायला जमणार नाही."

"भीती खरी आहे, दादा," कौमुदी म्हणाली. "पण खोली तुला सुचली नाही, हेही खरंच आहे."

सुमेधाबाई त्याच्यापाशी गेल्या. त्याची कॉलर सरळ केली, जणू शाळेला निघालाय. "आवाज मीही ऐकला होता रे. पण पडायच्या भीतीनं मी सपाट जमिनीवर जाऊन बसू? रविंद्ररावांचा खुबा जिन्यावर नाही मोडला. बाथरूममध्ये मोडला. पडणारा कुठंही पडतो. मला माझ्या घरात पडायचंय. नाही पडायचं, तरी ते माझ्याच घरात."

"दुसरा कठडा बसवून घेऊ," तो म्हणाला. "भिंतीच्या बाजूनं."

"बसव. ओरडू नकोस."

*

उतरताना डॉरीननं सगळ्यांना सांगितलं की या जिन्यावरून पाठमोरं उतरायचं, तोंड पायऱ्यांकडे. वीस वर्षांच्या माणसानंसुद्धा. सारंग आधी उतरून खाली उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

"हात खाली घे," वरून सुमेधाबाई म्हणाल्या. "मी काय झेल आहे?"

त्यानं हात खाली घेतले. ते खाली ठेवणं त्याला किती जड गेलं हे फक्त ईशानीनं बघितलं, कारण ती त्याच्या शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजत होती. मराठीत, आजीनं शिकवलेलं. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात."

सुमेधाबाई थांबल्या.

सारंगचे हात पुन्हा अर्धे वर आले. ईशानीनंही मोजणं थांबवलं. सुमेधाबाईंनी जुन्या लाकडी कठड्यावर तळवा टेकवला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. "बघितलंत?" असं ऐकू आल्यासारखं वाटलं सारंगला.

मग कट्, कट् करत त्या उरलेल्या दहा पायऱ्या उतरल्या, खाली आल्या, पदर खोचला.

"दशम्या आण गाडीतून. त्या डॉरीनबाईलाही दे, आणि विचार तिला, नीळ कुठून आणते. माझी बाटली संपत आलीये."

"बरं."

"आणि मंगळवारी ऑफिसला जाऊ नकोस."

"का?"

"ते चालायचं मशीन," सुमेधाबाई म्हणाल्या, "माझ्या एकटीच्यानं खाली जायचं नाही."